मला चढत नाही!

हे वाक्य मी अनेक वर्षं अभिमानाने सांगत आलो. बेंगळुरूला नोकरी लागल्यावर ऑफिसच्या पार्ट्या सुरू झाल्या. चार पेग झाले तरी माझी जीभ अडखळत नसे. बाकीच्यांना रिक्षात बसवून घरी सोडायचं काम माझ्याकडेच असायचं.

गेल्या गणपतीत वडोदऱ्याला, दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी गेलो होतो. गुजरातमध्ये दारूबंदी, तरी आमचे आजोबा आणि धाकटे काका दोघेही दारूनेच गेले. घरात हा विषय कुणी काढत नाही. त्या दिवशी आत्या सहज बोलून गेली, "बाळू सुरुवातीला कितीही प्यायला तरी कळायचं नाही रे. त्याला चढायचीच नाही." माझ्या हातातला मोदक हातातच राहिला.

परत आल्यावर वाचायला बसलो. १९७३ मध्ये डोनाल्ड गुडविन आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधल्या दत्तक मुलग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मदाते मद्यपी, पण मुलं लहानपणीच दुसऱ्या घरी गेलेली. तरीही त्यांच्यात व्यसनाचं प्रमाण इतर दत्तक मुलग्यांच्या जवळजवळ चौपट निघालं. पुढे सॅन दिएगोच्या मार्क शुकिट यांनी तरुणांना मोजून मद्य दिलं आणि कुणाला किती चढते ते नोंदवलं. मद्यपींच्या मुलांपैकी ज्यांना कमी चढली, त्यांच्यातले ५६ टक्के पुढच्या दहाएक वर्षांत व्यसनी झाले. ज्यांना चांगलीच चढली, त्यांच्यात हे प्रमाण १४ टक्के होतं.

म्हणजे ज्याला मी ताकद समजत होतो, तो बंद पडलेला अलार्म होता. शरीर 'पुरे' म्हणत नाही, म्हणून हात पुढचा पेग भरतो.

अर्थात हे विधिलिखित नव्हे. व्यसनात अनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा मानतात, आणि तोही एका जनुकाचा नाही, अनेकांचा मिळून. रक्तातलं जीजीटी वाढलं तर यकृताला त्रास झाल्याचं कळतं, पण जन्मजात ओढ त्यात दिसत नाही. ती घरातल्या माणसांच्या आठवणींतूनच कळते, आणि त्याच आपण झाकून ठेवतो.

मी पिणं सोडलं. यंदा ऑफिसच्या वैद्यकीय तपासणीत 'कुटुंबातील आजार' या रकान्यात मधुमेहाच्या खाली दुसरा शब्दही लिहिला. मग काकांच्या मुलाला फोन केला. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सगळं ऐकून तो थोडा वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "दादा, मलाही चढत नाही."

आता आम्ही दर रविवारी बोलतो.