थोडक्या पैशांत बेटावर

प्रवासानें मनुष्य शहाणा होतो असें आपण वर्गांत नेहमीं म्हणतों. परंतु प्रवासाला पैसा लागतो, हें सांगावयाचें राहून जातें. भूगोलाच्या तासास मी पॅसिफिक महासागरांतील तुवालूची माहिती देत होतों. तेथें एका बेटावरून दुसऱ्या बेटास जावयाचें तर सरकारी बोटीची वाट पाहावी लागते, असें सांगतांच आमच्या पिंपळे गुरवचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, बेटें पाहणें हें श्रीमंतांचेंच काम ना?" त्याचे वडील कारखान्यांत पाळीवर काम करतात. या प्रश्नाला नुसतें पुस्तकी उत्तर देणें मला प्रशस्त वाटेना.

आमच्या गांवाजवळून पवना वाहते; समुद्र मात्र घाटापलीकडे. गेल्या हिवाळ्यांत आम्ही पंधरा जण वल्लभनगरच्या आगारांतून एस. टी. नें निघालों आणि अलिबागेस एका स्नेह्यांच्या ओसरीवर उतरलों. भाकरी घरची होती.

अलिबागेसमोर कुलाबा किल्ला आहे. भरतीच्या वेळीं तें बेट असतें. ओहोटीस तेथें पायीं जातां येतें. म्हणजे होडीचें भाडेंहि नाहीं! परंतु ही वाट केव्हां उघडते हें ठाऊक पाहिजे. कोळी बांधवांचा हिशेब सोपा आहे. तिथीच्या अंकाला पाऊणनें गुणावें, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. तृतीयेस ती सव्वादोन. त्यानंतर सुमारें सव्वासहा तासांनीं, म्हणजे साडेआठाच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. चंद्रामुळें ही वेळ रोज सुमारें 50 मिनिटें पुढें सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असल्यानें पाणी दूरवर हटतें. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, तें पुरतें हटत नाहीं. म्हणून आम्ही पौर्णिमेनंतरची तृतीया धरली होती.

सकाळीं साडेसातास निघालों तेव्हां पाणी घोट्याइतकें होतें. किल्ल्यांत आंग्र्यांच्या आरमाराची हकीकत सांगतां सांगतां साडेनऊ वाजले. मुलांना आणखी अर्धा तास हवा होता. "एवढ्या लांब आम्हांला पुन्हां कोण आणणार, सर?" असें तोच मुलगा म्हणाला. त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. म्हणूनच नकार देणें जड गेलें. इतक्यांत एका कोळी बाईंनीं पाण्याकडे बोट दाखवून म्हटलें, "मास्तर, पोरांना घेऊन निघा आतां." आम्ही निघालों. मध्यावर येतों तों पाणी लहान मुलांच्या गुडघ्यांस लागलें होतें.

स्वस्त प्रवास म्हणजे जिवावर उदार होऊन केलेला प्रवास नव्हे. 17 जुलै 1947 रोजीं मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यांत काशाच्या खडकाजवळ बुडाली, आणि सहाशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. राजपुरीहून जंजिऱ्यास किंवा मालवणहून सिंधुदुर्गास जाणाऱ्या होड्या पावसाळ्यांत बंद असतात, त्याबद्दल कोणीं कुरकुर करूं नये.

आतां पैशाचा प्रश्न. 1856 सालीं अमेरिकन बोर्डाच्या मिशनऱ्यांना पॅसिफिकमधील मायक्रोनेशियाच्या बेटांत फिरण्यासाठीं जहाज हवें होतें. अहमदनगरास काम करणारें अमेरिकन मराठी मिशन याच बोर्डाचें होतें. तेव्हां रविवारच्या शाळांतील मुलांनीं दहा दहा सेंटांचे भाग घेऊन पैसा उभा केला, आणि 'मॉर्निंग स्टार', म्हणजे प्रभाततारा, हें जहाज समुद्रांत उतरलें. आमच्या सहलीचा खर्चहि असाच जमला. मुलांनीं चार महिने रोज पांच-पांच रुपये डब्यांत टाकले होते.

विद्यार्थिमित्रहो, ज्याच्यापाशीं पैसा थोडा आहे त्यानें वेळ अधिक द्यावा आणि माहिती अधिक मिळवावी. श्रीमंताची होडी वेळेवर येते. आपल्याला ओहोटीची वेळ सांभाळावी लागते, एवढाच काय तो भेद. आणि पालकांस माझी विनंति अशी कीं, मुलांनीं सहलीचें नांव काढतांच खर्चाकडे पाहून नाहीं म्हणूं नये. त्यांच्या हातीं एक डबा व एक पंचांग द्यावें, आणि हिशेब त्यांनाच करूं द्यावा.