राखणीची रजा

डिसेंबर 2015. आमची पलटण बबीन्याला होती आणि मी कंपनी कमांडर. फायरिंग तोंडावर आलं होतं. अशा वेळी एक जवान रजेचा अर्ज घेऊन समोर उभा राहिला. गाव चिरगाँवजवळ, आमच्या छावणीपासून जेमतेम 60 किलोमीटर. कारण लिहिलं होतं, ‘खेत की रखवाली’.

मी विचारलं, "किससे रखवाली?"

"गायों से, साहब."

सीएचएम साहेब हसले, मीही हसलो. गाई हाकलायला दहा दिवस रजा! फायरिंगनंतर बघू म्हणून अर्ज परत केला. त्याने सॅल्यूट केला आणि गेला.

मे 2016 मध्ये कानपूरहून परतताना चिरगाँवला चहासाठी जिप्सी थांबवली. राष्ट्रकवी मैथिलीशरण गुप्तांचं हे जन्मगाव. तो जवान तेव्हा वार्षिक रजेवर होता. वाट वाकडी करून त्याच्या घरी गेलो.

त्याच्या आईने चुलीवरच्या रोट्या, कांदा आणि मिठाची चटणी पुढे ठेवली. डाळ नव्हती. ज्या मुलखात हरभरा, मसूर, उडीद पिकतो, तिथे ताटात डाळ नव्हती! मग त्याने शेत दाखवलं. विहिरीत उरलेल्या पाण्यावर दोन बिघे गहू पेरला होता. जानेवारीत एका रात्रीत मोकाट जनावरांनी तो साफ केला. राखणीला म्हातारे वडील होते. थंडीत त्यांचा डोळा लागला, एवढंच.

बुंदेलखंडात याला ‘अन्ना प्रथा’ म्हणतात. पूर्वी रब्बीची कापणी झाली की पेरणीपर्यंत गुरं मोकळी सोडायचे. त्यात गैर काही नव्हतं. पुढे ट्रॅक्टर आले, बैलांचं काम संपलं. दुष्काळात चारा संपला. मग भाकड गाय खुंट्यावर ठेवणं परवडेना आणि गुरं बाराही महिने मोकळी फिरू लागली. ज्याच्याकडे कुंपणाला पैसे नाहीत, त्याचं पीक त्यांच्या तोंडी.

मी माणदेशातला. दुष्काळ मला नवा नाही. पण झाशीला वर्षाला सरासरी 800 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आमच्या माणपेक्षा कितीतरी अधिक. मग टंचाई का? खाली ग्रॅनाइटचा कठीण खडक, वर मातीचा पातळ थर. पाणी मुरत नाही, वाहून जातं. चंदेल राजांनी म्हणूनच ठिकठिकाणी तलाव बांधले होते. त्यातले कितीतरी आता गाळाने भरले आहेत. त्यात 2015 च्या मार्चमध्ये अवकाळी पाऊस आणि गारपिटीने रब्बी झोपवली, नंतर पावसाळाही कोरडा गेला. लागोपाठ दोन हंगाम गेले की बियाणं संपतं, आणि मग सावकाराचं दार.

येताना चिरगाँवच्या बाजारात मी धान्याची पोती रचलेली पाहिली होती. म्हणजे धान्य होतं. शेजारच्या घराला मात्र कुलूप होतं. सगळं कुटुंब दिल्लीकडे मजुरीला गेलं होतं. अमर्त्य सेन यांनी 1981 साली ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’मध्ये हेच मांडलं: बाजारात धान्य असूनही माणूस उपाशी राहतो, कारण ते मिळवण्याची ऐपत त्याच्यापाशी उरत नाही. तो जवान सोप्या शब्दांत म्हणाला, "साहब, हमारे घर में तो तनख्वाह है."

माझ्या आजोबांकडे पगार नव्हता. 1972 च्या दुष्काळात ते आणि आजी बंडिंगच्या कामावर गेले. खडी, सुकडी आणि मिलोची लाल भाकरी या गोष्टी वडिलांकडून मी शंभरदा ऐकल्या आहेत. चव वाईट होती, पण पोटात काही पडत होतं, कारण काम होतं. पुढे 1977 साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला आणि 2005 साली तो विचार देशभर गेला. बुंदेलखंडातही तो कायदा होताच. पण मजुरी महिनोन्‌महिने लांबली तर आज संध्याकाळची चूल कशी पेटणार? त्याच मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही शाळेतलं दुपारचं जेवण चालू ठेवा. सुट्टी लागली की पोरांचं जेवण बंद, याचा विचार मी कधी केलाच नव्हता.

खडकवासल्याला पहिल्या टर्ममध्ये आम्ही सतत भुकेले असायचो. पण ती भूक पुढच्या जेवणापर्यंतची होती. जेवणाची वेळ ठरलेली होती आणि मेसमध्ये ताट नक्की होतं.

निघताना मी त्या जवानाला म्हणालो, "छुट्टी मुझे देनी चाहिए थी." तो म्हणाला, "कोई बात नहीं साहब, फायरिंग भी ज़रूरी था." त्याच्या आवाजात राग नव्हता. तोच मला जास्त लागला.

त्यानंतर शेतीच्या कारणाचा अर्ज आला की मी आधी तीन प्रश्न विचारतो: काय पेरलंय, पाणी कुठलं, राखणीला कोण? सगळ्यांना रजा देता येत नाही, हे माजी सैनिक वाचकांना मी सांगायला नको. पण जमेल तशी अदलाबदल करून पाच-सात दिवस निघतातच. आणि अर्जावर हसत मात्र नाही.