मोहाचा वास

वांद्र्याच्या एका कॅफेत मी कॉफी बनवतो. मागच्या वर्षी मालकाने चिकमगळूरची ‘नॅचरल’ कॉफी आणली आणि आम्हाला चव ओळखायला बसवलं. कुणी म्हणालं बेरी, कुणी म्हणालं वाईन. मला मात्र तलासरीतलं आमचं अंगण आठवलं, मोह वाळत घातलेलं. पण तोंडातून निघालं, “मनुका.”

कॉफीचं फळ चेरीसारखं लाल असतं. ‘वॉश्ड’ पद्धतीत साल काढून बिया टाकीत आंबवतात, साधारण १२ ते ३६ तास. चिकटा सुटला की धुऊन वाळवतात. चव स्वच्छ, जराशी आंबट. ‘नॅचरल’मध्ये अख्खं फळच दोन-तीन आठवडे उन्हात वाळतं. तोवर गरातल्या साखरेवर यीस्टचं काम चालू असतं आणि ती चव बीमध्ये उतरते. थर पातळ हवा, हलवत राहायला हवं. नाहीतर बुरशी.

आजी हेच करायची. मार्च-एप्रिलमध्ये मोह पहाटे गळतो. आदल्या दिवशी झाडाखालचा पाला साफ करायचा, उजाडायच्या आत टोपल्या घेऊन पोचायचं. फिकट, रसाळ फुलं सारवलेल्या अंगणात एकेरी पसरायची. दिवसभर हलवायची. वाळून ती तांबूस होतात. दव लागलं तर काळी पडतात, आंबूस लागतात. संध्याकाळी आजी ढिगात हात घालायची. आत गरम लागलं की लगेच ढीग मोडायची. चांगली वाळलेली फुलं कणगीत जायची आणि पावसाळ्यात घरात दुसरं काही नसलं की उकडून ताटात यायची.

आठवीत असताना वसतिगृहात तिने मला पुरचुंडी दिली होती. एका सरांनी वास घेतला आणि सगळ्यांसमोर विचारलं, “दारू आणलीस काय?” १९४९च्या दारूबंदी कायद्यातही मोहाच्या फुलांसाठी वेगळे नियम होते, हे मला खूप नंतर कळलं. त्या दिवशी मी पुरचुंडी नाल्यात फेकली. आजीला सांगितलं, पोरांनी सगळी संपवली. तिने पुढच्या वेळी दुप्पट दिली. तीही फेकली.

या होळीला डहाणू लोकल पकडून, पुढे जीपने घरी गेलो. त्याच नॅचरल कॉफीच्या थोड्या कच्च्या आणि थोड्या भाजलेल्या बिया सोबत नेल्या. कॉफी करून दिली. आजीने एक घोट घेतला. “जळलंय रे.”

मग कच्च्या बिया तिच्या हातावर ठेवल्या. तिला आता नीट दिसत नाही. तिने त्या नाकाशी धरल्या, बोटांनी चोळल्या.

“कोणी वाळवलंय? नीट वाळवलंय.”

मी तिला नाल्याचं सांगितलं. ती बराच वेळ बिया चाळत राहिली. मग म्हणाली, “उद्या लवकर ऊठ.”

पहाटे तिने मला ढिगात हात घालायला लावला.

“गरम लागतो?”

“लागतो.”

“मग मोड.”