कुत्र्याचे व्यक्तिचित्र आणि साम्याचा प्रश्न

पाळीव कुत्र्याचे चित्र काढणे हा छंद किरकोळ मानला जातो, आणि या अंकाच्या संपादकांनी त्यावर लेख मागितला तेव्हा रेखाटनाच्या चार युक्त्या सांगाव्यात एवढीच त्यांची अपेक्षा होती. परंतु या छंदाच्या मुळाशी चित्रकलेतला एक जुना आणि अजून न सुटलेला प्रश्न आहे, तो म्हणजे चित्रातले साम्य नेमके कशाशी असावे. कुत्र्याचे चित्र आणि कुत्र्याचे व्यक्तिचित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात चार पाय, शेपूट आणि लोंबती जीभ दाखवली की काम भागते. दुसऱ्यात मात्र पाहणाऱ्याने ‘हा आपला मोत्या’ असे म्हणायला हवे, आणि शेजारचा राजा किंवा टायगर त्या जागी चालता कामा नये. बुलडाण्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जालना जिल्ह्याच्या हद्दीजवळ वसलेल्या धाडसारख्या गावात हा भेद अधिकच महत्त्वाचा ठरतो, कारण शेतावर राखणीला असलेले, आखूड केसांचे, तांबडे, काळे किंवा बांडे असे इथले कुत्रे बहुधा कोणत्याही नोंदलेल्या जातीचे नसतात, आणि म्हणून जातीची ठरावीक लक्षणे रंगवून चित्रकाराला सुटका करून घेता येत नाही.

मराठी माणसाला कुत्र्याची प्रतिमा नवी नाही. देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या टाकावर घोड्याजवळ कुत्रा कोरलेला असतो, दत्ताच्या तसबिरीत चार कुत्रे चार वेदांचे प्रतीक म्हणून उभे असतात, अजिंठ्याच्या 17 व्या लेण्यातल्या शिकारीच्या प्रसंगात कुत्रे धावताना दिसतात, आणि साताऱ्याजवळ संगम माहुली येथे, थोरल्या शाहू महाराजांना वाघापासून वाचवल्याबद्दल परंपरेने गौरवलेल्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. यांतल्या पहिल्या तीन ठिकाणी कुत्रा कोणता, हे विचारण्याचे कारण पडत नाही; खंड्याला मात्र नाव आहे, आणि नाव असलेल्या प्राण्याची प्रतिमा घडवताना कारागिराची जबाबदारी बदलते. एका विशिष्ट जनावरासमोर उभे राहून, ते जसे दिसते तसे टिपण्याची शिस्त मराठी मुलखात ज्याच्या कामात स्पष्ट दिसते तो चित्रकार म्हणजे गंगाराम तांबट. पुण्याच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी काम करणाऱ्या या कलावंताने 1790 मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा प्रत्यक्ष पाहून काढला. त्याची चित्रे आज अमेरिकेतील येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट या संग्रहालयात आहेत. पेशवाईत गेंड्याला जे लाभले ते आपल्या दारातल्या कुत्र्याला अजून सहसा लाभत नाही, ही गोष्ट खेदाची आहे.

या उणिवेचे एक कारण शालेय चित्रकलेत सापडते. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांनी खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या हाती पेन्सिल आणि रंग दिले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. पण त्यांतील वस्तुचित्र व स्थिरचित्र हे घडे, बादल्या, फळे अशा न हलणाऱ्या वस्तूंचे असते, आणि प्राणी येतो तो स्मरणचित्रात, म्हणजे आठवणीने काढलेल्या प्रसंगचित्रात, बाजारातल्या किंवा पोळ्याच्या गर्दीचा एक भाग म्हणून. समोर बसलेला, श्वास घेणारा आणि क्षणात मान वळवणारा जीव पाहून काढण्याचा सराव मुलाला होत नाही, आणि पुढे तो कुत्रा काढू लागला की डोळ्यांनी पाहिलेल्या कुत्र्याऐवजी हाताला पाठ झालेला कुत्रा कागदावर उतरतो.

प्रत्यक्ष पाहू लागल्यावर प्रथम कवटीची रचना समजून घ्यावी लागते. डोळ्यांच्या पुढे आलेला नाक-जबड्याचा भाग, ज्याला येथे सोयीसाठी मुस्कट म्हटले आहे, आणि कपाळ यांच्यामध्ये एक उतार असतो. हा उतार किती तीव्र आहे यावर चेहऱ्याची अर्धी ओळख अवलंबून असते. कारवान किंवा मुधोळ या शिकारी कुत्र्यांत तो जवळजवळ नसतोच, त्यामुळे डोके लांब आणि निमुळते दिसते; मुधोळचे हे रूप भारतीय टपाल खात्याने 2005 साली काढलेल्या श्वानविषयक तिकिटांच्या संचात पाहता येते. त्यानंतर केसांची दिशा पाहायची असते. केस नाकाच्या दांडीवरून मागे वळतात, दोन्ही डोळ्यांमधून कपाळावर चढतात, गालावरून मागे व खाली उतरतात आणि छातीवर एकमेकांना भिडून भोवरा करतात. नवशिका चित्रकार सगळे केस एकाच दिशेने ओढतो आणि मग अंग गोल न वाटता सपाट वाटू लागते. काळ्या कुत्र्याच्या बाबतीत शुद्ध काळा रंग जवळपास वापरूच नये, कारण उघड्यावर बसलेल्या काळ्या कुत्र्याच्या पाठीवर आकाशाचा निळसर उजेड असतो, उन्हात त्याच्या केसांना तपकिरी झाक येते, आणि बाजारातल्या काळ्या नळीतला रंग या दोन्ही गोष्टी एका फटकाऱ्यात पुसून टाकतो.

डोळा हा या चित्राचा सर्वांत नाजूक भाग आहे. वरच्या पापणीची सावली बुबुळाच्या वरच्या भागावर पडते, त्या सावलीच्या काठावर उजेडाचा लहानसा ठिपका असतो, आणि त्या ठिपक्याच्या समोरच्या, म्हणजे खालच्या बाजूला, आत शिरलेल्या उजेडामुळे बुबुळ मधासारखे उजळते. ही उजळणी दाखवली नाही आणि नुसता पांढरा ठिपका दिला, तर डोळा काचेचा होतो. कुत्र्याच्या डोळ्यांतले भाव माणसाने लादलेले असतात, असा आक्षेप जुना आहे, आणि मेंढपाळाच्या शवपेटीवर मान टेकून बसलेला कुत्रा 1837 साली रंगवणाऱ्या एडविन लँडसीअर या इंग्रज चित्रकारावर तो विशेषकरून घेतला गेला. मात्र 2019 साली प्रसिद्ध झालेल्या शरीररचनेच्या एका अभ्यासात असे दिसले, की भुवईचे आतले टोक वर उचलणारा स्नायू पाळीव कुत्र्यांमध्ये चांगला विकसित असतो आणि लांडग्यांमध्ये तो तसा नसतो. त्यामुळे भुवईची ही हालचाल चित्रकाराने कल्पनेतून घातली असे म्हणता येत नाही. ती दिसते, मोजता येते, आणि म्हणून काढलीच पाहिजे.

खरा वाद फोटोचा आहे, आणि तो थोडा सविस्तर मांडणे आवश्यक आहे, कारण या छंदातले बहुतेक काम आज मोबाइलवरच्या फोटोवरून चालते आणि ‘अगदी फोटोसारखे आले’ हीच सर्वांत मोठी शाबासकी समजली जाते. समजा, कुत्र्याच्या नाकाचे टोक त्याच्या डोळ्यांच्या 10 सेंटिमीटर पुढे आहे आणि फोटो नाकापासून 30 सेंटिमीटरवरून काढला आहे. डोळे कॅमेऱ्यापासून 40 सेंटिमीटरवर पडतात, आणि जवळची वस्तू अंतराच्या प्रमाणात मोठी दिसत असल्याने नाक डोळ्यांच्या तुलनेत एक तृतीयांशाने मोठे उमटते. तोच फोटो 2 मीटरवरून काढला, तर हा फुगवटा अवघा 5 टक्के राहतो. दोष कॅमेऱ्याच्या भिंगाचा आहे, असे अनेकांना वाटते. वास्तविक तो अंतराचा आहे, आणि महागडा मोबाइल घेऊनही तो जात नाही. उभ्या माणसाने खाली वाकून काढलेल्या फोटोत डोके मोठे आणि पाय आखूड होतात, तर रात्रीच्या फ्लॅशमध्ये डोळ्याच्या पडद्यामागील परावर्तक थरामुळे बुबुळाचा रंगच नाहीसा होऊन तिथे हिरवी चकाकी उरते. अशा फोटोवर चौकटी आखून तो जसाच्या तसा कागदावर उतरवणे म्हणजे कॅमेऱ्याच्या जागेचे चित्र काढणे होय, कुत्र्याचे नव्हे. आणि या कामाला हुबेहूब म्हटले जाते तेव्हा ज्याने उन्हात बसून जिवंत जनावराची पन्नास अर्धवट रेखाटने केली त्याच्या कष्टांवर अन्याय होतो, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

हे मत ठाम असले तरी धाडमधल्याच एका कुटुंबासाठी केलेल्या चित्राने ते अस्वस्थ केले आहे. शेतावरचा त्यांचा तांबडा कुत्रा वारल्यानंतर त्याचा एकच फोटो उरला होता, तोही अगदी जवळून काढलेला. तो कुत्रा हयात असताना प्रस्तुत लेखकाने अनेकदा पाहिलेला असल्यामुळे अंतराचा हिशेब करून नाक मूळ प्रमाणात आणले गेले, डाव्या कानाची दुमडलेली कड आणि मुस्कटावरचे पिकलेले केस राखले गेले, आणि चित्र मापाने बरोबर झाले. घरच्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि नाक लहान झाल्याचे सांगितले. ज्या आजींनी त्याला वर्षानुवर्षे भाकरी घातली त्यांचेही म्हणणे तेच पडले. रोज मोबाइलवर दिसणाऱ्या त्या एका फोटोने त्यांच्या आठवणीतला चेहरा बदलून टाकला होता, असे स्पष्टीकरण देता येते. परंतु त्याच्यासोबत राहिलेल्या माणसांची ओळख खोटी आणि बाहेरच्या चित्रकाराचे गणित खरे, असा निवाडा करण्याचा अधिकार कोणाला, हे मात्र त्या स्पष्टीकरणाने ठरत नाही.

शिवाय मराठी घरांत जे कुत्र्याचे व्यक्तिचित्र सर्वाधिक पाहिले गेले, त्याचा इतिहास या मताच्या विरुद्ध साक्ष देतो. एचएमव्हीच्या तबकडीवर कर्ण्यापुढे कान देऊन बसलेला कुत्रा हा निपर नावाचा खराखुरा कुत्रा होता; तो 1895 साली मरण पावला आणि फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकाराने त्याचे हे चित्र त्यानंतर काही वर्षांनी रंगवले. आधी चित्रात असलेल्या फोनोग्राफच्या जागी पुढे 1899 मध्ये ग्रामोफोन रंगवून ते ग्रामोफोन कंपनीला विकले गेले. म्हणजे कुत्रा समोर नव्हता, यंत्रही बदलले गेले, आणि तरीही मानेचा तो तिरका कल इतका अचूक आहे की कुत्रा पाळलेल्या कोणालाही तो पटतो. बॅरॉडने निपर जिवंतपणी रोज पाहिला होता, हे याचे कारण मानले तर प्रत्यक्ष निरीक्षणाची बाजू पुन्हा बळकट होते. पण मग ज्यांनी रोज पाहिले त्या घरच्यांच्या नजरेलाही तेवढेच वजन द्यावे लागते.

त्या कुटुंबासाठी दुसरे चित्र करायला घेतले आहे. त्यात नाकाचे माप दोन्हींच्या मधले ठेवायचे की पहिलेच कायम ठेवून केवळ डोळ्यांतली उजळणी आणि भुवईचा उंचवटा अधिक जपायचा, हे अजून ठरलेले नाही. तोपर्यंत, पुढे कधी चित्र करून घ्यावेसे वाटेल अशा सर्वांना एक विनंती आहे. कुत्रा हयात असतानाच त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून, निदान 2 मीटर अंतरावरून, दिवसाच्या उजेडात, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवावेत. आणि तो निवांत पडलेला असताना डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून नाकाच्या टोकापर्यंतचे अंतर दोऱ्याने मोजून, ते तारखेसह वहीत नोंदवून ठेवावे.