निरोप कुठं अडतो?

मुंबईहून गोव्याच्या महामार्गानं निघालात, की माणगाव मागे पडल्यावर डोंगर हळूहळू जवळ येऊ लागतात. दासगावाशी सावित्री नदी भेटते आणि मग येतं महाड. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते तळं याच गावात. रायगडावर जाणारी मंडळीही इथूनच वळतात. आणखी अठरा-वीस किलोमीटर गेलं की पोलादपूर. तिथं वाटेला दोन फाटे फुटतात. एक आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला चढतो, दुसरा कशेडीवरून खेडला उतरतो. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ याच तालुक्यातलं.

मुलांनो, सहलीच्या निमित्तानं तुमच्यापैकी कित्येकांनी हा मुलूख पाहिला असेल. आज आपण पुन्हा त्याच वाटेनं जाऊ या, पण एस.टी.नं नाही. आज आपला सोबती आहे एक चिमुकला निरोप.

समजा, पोलादपूरजवळच्या एका वाडीत तुमच्याच वयाची एक मुलगी मोबाइलवर मोटारींची शर्यत खेळते आहे. वळण आलं, तिनं बोट फिरवलं. ‘डावीकडे वळ’ हा निरोप घरातून निघाला, दूरच्या एका मोठ्या संगणकापर्यंत गेला आणि उत्तर घेऊन परतला. या संगणकाला म्हणतात सर्व्हर. सगळं वेळेत झालं तर मोटार झर्रकन वळते. उशीर झाला तर ती कठड्यावर आदळते आणि मुलगी ओरडते, “आई, नेट स्लो आहे!”

आता बाबा काय करतात? जास्त पैशांचा, जास्त ‘स्पीड’चा प्लॅन घेतात. आणि गंमत म्हणजे मोटार तरीही आदळतच राहते! असं का बरं?

कशेडी घाट आठवा. रस्ता रुंद केला तर एका वेळी जास्त गाड्या जातील. पण एकट्या मोटारसायकलवाल्याला तीच वळणं पार करावी लागणार, त्याचा वेळ फारसा वाचत नाही. तो वाचला बोगद्यानं. २०२३च्या गणेशोत्सवाच्या सुमारास कशेडीचा बोगदा प्रथम छोट्या गाड्यांना खुला झाला आणि घाटाची लांबलचक वाट चुकली. इंटरनेटचंही तसंच आहे. प्लॅनवर लिहिलेला ‘स्पीड’ म्हणजे रस्त्याची रुंदी. सिनेमा उतरवायला ती हवीच. पण खेळातला निरोप अगदी लहान असतो. त्याला जाऊन यायला किती वेळ लागतो, हे महत्त्वाचं. या वेळेला म्हणतात ‘पिंग’. ती मोजतात मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत.

हे नाव कुठून आलं ठाऊक आहे? पाणबुड्या पाण्यात आवाज सोडतात आणि त्याचा प्रतिध्वनी यायला किती वेळ लागतो त्यावरून अंतर ओळखतात. तो आवाज ‘पिंग’ असा येतो. १९८३ साली माइक म्यूस या अमेरिकन संगणकतज्ज्ञानं निरोपाचा वेळ मोजणारा छोटासा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला हेच नाव दिलं. आजही तो जवळजवळ प्रत्येक संगणकात असतो.

चला, आता निरोपाबरोबर निघू या.

पहिला मुक्काम घरातच. तुम्हाला वाटेल, घरात कसला आलाय उशीर? पण पुष्कळदा घोटाळा इथंच असतो! आपल्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती जाड, दगडाच्या नाहीतर जांभ्याच्या. वायफायच्या लहरी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून बऱ्यापैकी पलीकडे पोचते. ५ गिगाहर्ट्झची जास्त वेगवान, पण भिंत आली की लवकर दमते. त्यातून राउटर ठेवलेला असतो लोखंडी कपाटामागे! मग निरोप अर्धवट पोचतो, पुन्हा पाठवावा लागतो आणि वेळ जातो. राउटर मोकळ्यावर, जरा उंच जागी ठेवा. संगणकावर खेळत असाल तर सरळ वायर जोडा. वायरीला भिंत आडवी येत नाही.

घरातली दुसरी अडचण गर्दीची. एस.टी. स्टँडवर तुम्ही एकटेच तिकिटाच्या रांगेत उभे आहात आणि पुढे एक अख्खं लग्नाचं वऱ्हाड, ट्रंका-वळकट्यांसह! तुमचं काम एका तिकिटाचं, पण वऱ्हाड हलेपर्यंत तुम्ही जागचे हलत नाही. ताईच्या मोबाइलमधले स्नेहसंमेलनाचे दोनशे फोटो आपोआप वर चढत असतात, तेव्हा तुमच्या निरोपाची हीच गत होते. फोटो रात्री झोपताना चढवा. काही राउटरमध्ये खेळाच्या किंवा व्हिडिओ-कॉलच्या निरोपाला आधी सोडण्याची सोयही असते, मोठ्यांना विचारून पाहा.

दुसरा मुक्काम घराबाहेर. इथं महाड आणि पोलादपूर यांची दुखणी वेगळी, बरं का! महाडच्या बाजारपेठेत घराला घर लागून. शेजारच्या दहा घरांचे दहा राउटर एकाच वेळी बोलू लागले, की कुणाचंच कुणाला नीट ऐकू येत नाही. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या आड न येणाऱ्या जागा तीनच : १, ६ आणि ११. शेजाऱ्यांनी ६ घेतली असेल तर तुम्ही १ किंवा ११ घ्या. आणि घरं जवळजवळ असली तर ५ गिगाहर्ट्झचा दुबळेपणाच उपयोगी पडतो. ती लहर भिंतीपलीकडे फारशी जात नाही, म्हणून शेजाऱ्याला त्रासही देत नाही.

पोलादपूरच्या वाड्यांवर मात्र शेजारी लांब आणि डोंगर जवळ. मोबाइलच्या मनोऱ्याची लहर डोंगर भेदून येत नाही. डोंगराची जशी सावली पडते, तशीच लहरींचीही पडते. म्हणून एकाच घरात पडवीत रेंज असते आणि माजघरात नसते. मनोरा कोणत्या दिशेला आहे ते शोधा आणि त्या बाजूच्या खिडकीशी बसा. ५जीची एकच पुसट दांडी दिसत असेल तर ४जीवर खेळून बघा, पुष्कळदा तेच बरं चालतं. आणि रात्री आठ ते दहा सगळा गाव एकाच मनोऱ्यावर असतो, हेही ध्यानात ठेवा.

घरात फायबरची बारीक तार आली असेल तर ती दारात चेपलेली नाही ना, उंदरानं कुरतडलेली नाही ना, तेवढं पाहा. डब्यावर ‘एल.ओ.एस.’चा लाल दिवा लागला, तर प्रकाश घरापर्यंत पोचतच नाही असं समजा. राउटर दहादा बंद-चालू करून उपयोग नाही, फोन करून माणूस बोलवा. तुटलेल्या तारेच्या टोकात डोळा घालून मात्र कधीही पाहू नका.

तिसरा मुक्काम मुंबई. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. पोलादपूर ते मुंबई सुमारे २०० किलोमीटर धरा. करा बघू गणित! जायला १ मिलिसेकंद, यायला १ मिलिसेकंद. वाटेतली यंत्रं थोडा वेळ घेतात, तार सरळ रेषेत जात नाही, हे धरलं तरी लांबीचा दोष फार थोडा. सर्व्हर सिंगापूरला असेल तर गोष्ट वेगळी. मुंबईपासून ते सुमारे ३,९०० किलोमीटर. नुसत्या जाण्यायेण्यालाच ३९ मिलिसेकंद लागणार, आणि ते कुठल्याही प्लॅननं कमी होणार नाहीत. खेळात सर्व्हर निवडता येत असेल तर जवळचा निवडा.

पण हा उशीर केवळ खेळातल्या मोटारीपुरता नसतो. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीला पूर आला. महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरलं, वीज गेली, मोबाइल बंद पडले. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं दगावली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथंही दरडी आल्या. मुंबई-पुण्याला असलेली मुलं, भाऊ, बहिणी गावाकडे फोन लावत होती आणि फोन लागत नव्हता. मनोऱ्याला वीज लागते. ती गेली की तो बॅटरीवर चालतो, मग डिझेलवर. रस्ते पाण्याखाली गेले तर डिझेल कोण पोचवणार? ज्या वाटेनं शर्यतीचा निरोप जातो, त्याच वाटेनं ‘आम्ही सुखरूप आहोत’ हा निरोपही जातो.

म्हणून ही वाट ओळखून ठेवा. या आठवड्यात एक वही करा. राउटरच्या खालच्या चिठ्ठीवर त्याचा पत्ता छापलेला असतो. मोठ्यांच्या मदतीनं संगणकावरून त्या पत्त्याला पिंग करा. मग बाहेरच्या एखाद्या संकेतस्थळाला करा. सकाळी एकदा, रात्री नऊला एकदा, असं सात दिवस लिहा. राउटरचंच उत्तर कधी ३, कधी १५० मिलिसेकंदांत येत असेल, तर दुखणं घरात. राउटर झटपट बोलतो, पण बाहेरचं उत्तर रोज रात्रीच उशिरा येतं, तर आधी घरात तेव्हा कुणी फोटो चढवत नाही ना ते पाहा. तसं नसेल तर गर्दी बाहेर. मग बाबांना तक्रार करताना “नेट स्लो आहे” एवढंच म्हणावं लागणार नाही. वहीच पुढे ठेवता येईल.

आणि पावसाळ्यात एक पथ्य पाळा. विजा कडाडू लागल्या की राउटरची पिन काढून ठेवा. नदीचं पाणी वाढल्याची सूचना आली, की मोबाइल पूर्ण चार्ज करा आणि खेळ बंद. त्या रात्री बॅटरीही जपायची आणि रेंजही. पलीकडच्या वाडीतून कुणाचा तरी फोन यायचा असेल.