उखळाखालचं गुपित

रहस्यकथा वाचणाऱ्या बाईकडे आपल्याकडे अजूनही जरा वेगळ्याच नजरेनं पाहिलं जातं. पोथी वाचली तर कौतुक, सामाजिक कादंबरी वाचली तर ‘वेळ बरा मिळतो हो तुम्हांला!’ आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठावर किल्ला, तलवार किंवा खजिना दिसला तर मग विचारूच नका! मी मात्र बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि धनंजयवर वाढलेली. त्यांच्या पुस्तकांची पानं सुटेपर्यंत आम्ही बहिणींनी ती वाचली. पुढे लग्न झालं, अंबाजोगाईला आले, आणि संसाराच्या रगाड्यात वाचन मागे पडलं तरी आवड काही गेली नाही.

मराठीत ऐतिहासिक कादंबरी एका कपाटात असते आणि रहस्यकथा दुसऱ्या. ऐतिहासिक कादंबरीत शेवट आधीच ठाऊक असतो, रहस्यकथेत तो ठाऊक नसतो म्हणून तर ती वाचायची. ही दोन्ही कपाटं एकदम उघडणारं पुस्तक भाचीनं पुण्याहून आणून दिलं. मुरलीधर खैरनार यांची ‘शोध’ ही कादंबरी. राजहंस प्रकाशनानं ती २०१५ साली काढली. लेखक नाशिकचे, नाटकात रमणारे. पुस्तक आलं त्याच वर्षी ते गेले, ही चुटपुट वाचून झाल्यावर फार वाटत राहते.

कथेचं मूळ खऱ्या इतिहासात आहे. शिवाजी महाराजांनी सुरत दोनदा लुटली, पहिल्यांदा जानेवारी १६६४ मध्ये आणि दुसऱ्यांदा ऑक्टोबर १६७० मध्ये. दुसऱ्या वेळी गेलेला ऐवज ६६ लाख रुपयांचा होता, असं मोगलांच्या चौकशीत निघालं. आता विचार करा, एवढा माल घोड्यांवर, बैलांवर लादून बागलाणच्या डोंगरांतून आणायचा, आणि वाटेत दाऊदखान कुरेशी फौज घेऊन आडवा आलेला! १७ ऑक्टोबर १६७० रोजी वणी-दिंडोरीजवळ उघड्या मैदानात लढाई झाली, महाराज जिंकले, माल सुखरूप नेला. इतिहासाच्या पुस्तकात हे सारं चार ओळींत उरकतं. पण त्या धामधुमीत त्यातला थोडा ऐवज मागेच राहिला असेल तर? कुणीतरी तो नाशिककडच्या डोंगरात दडवला असेल तर? आणि आजच्या काळातली माणसं, काही सरळ तर काही भलतीच वाकडी, त्याच्या मागावर निघाली तर? बस्स, इथून कादंबरी सुरू होते. पुढचं मी सांगणार नाही. रहस्यकथेचा शेवट सांगणं म्हणजे जेवायच्या आधीच ताट उचलण्यासारखं!

अशी दोन काळांची गोष्ट वाचणं मला दोन शेगड्यांवरच्या स्वयंपाकासारखं वाटतं. एकीकडे वरण उकळतंय, दुसरीकडे भाजी परततेय. इकडे झाकण ठेवलं की तिकडे धावायचं. तिकडे रंगायला लागलं की इकडचा वास नाकात शिरतो. मन दोन्हीकडे असतं आणि त्यातच मजा असते. मागच्या काळातला माणूस काय करून गेला, हे आजच्या माणसाला ठाऊक नाही. आजच्या माणसावर काय वेळ येणार आहे, हे मागच्याला ठाऊक असणं शक्यच नाही. दोघांच्या मधे उभ्या असतो आपण, वाचणाऱ्या. दोघांचंही थोडं थोडं आपल्याला कळलेलं असतं, आणि ‘अरे, तिथं नको, इकडं बघ!’ असं ओरडावंसं वाटतं.

आणखी एक गंमत लक्षात आली. अशा पुस्तकात एखादं वाक्य, एखादी खूण अगदी निरर्थक वाटते. कुणीतरी काहीतरी बरळल्यासारखं. पण ते कोणत्या काळातलं आहे हे एकदा कळलं की कुलूप उघडतं. वाक्य खरंच असतं, फक्त ते चुकीच्या काळात येऊन पडलेलं असतं.

हे पुस्तक वाचल्यापासून आपलंच गाव दोन काळांत दिसायला लागलं. निजामाच्या राज्यात अंबाजोगाईचं नाव मोमिनाबाद होतं. जुनी माणसं अजून मधूनच तसं म्हणतात. याच गावात दासोपंतांची पासोडी आहे. त्यांचा काळ १५५१ ते १६१५. पासोडी म्हणजे सुमारे चाळीस फूट लांबीचं कापड आणि त्यावर त्यांनी लिहिलेलं ‘पंचीकरण’. सुरतेची लूट झाली तेव्हासुद्धा ते कापड जुनंच झालेलं होतं, हे मनात आलं आणि अंगावर काटा आला. बीडजवळची खजाना विहीर घ्या. निजामशाहीतली, सोळाव्या शतकातली. नाव ऐकून बाहेरचा माणूस सोनं-नाणं शोधील, पण आत आहे पाणी! भुयारी वाटांनी ते विहिरीत येतं आणि पुढं शेतांकडे जातं. टँकरच्या मागे घागर घेऊन पळालेल्या बाईला, पाण्याला खजाना का म्हणावं, हे सांगायला लागत नाही.

पण या वाचनाचा खरा उपयोग झाला तो घरात.

माझ्या सासूबाई आता शहाऐंशीच्या पुढं आहेत. गेली तीन वर्षं त्यांना आठवत नाही. सकाळी जेवल्या का ते आठवत नाही, नातवाचं नाव आठवत नाही. आणि दिवेलागणीला मात्र रोज एकच प्रश्न, ‘उखळाखालचं काढलं का गं?’ ह्यांनी त्यांना समजावून पाहिलं, ‘आई, आता कुठलं उखळ? मिक्सर आहे घरात.’ त्या तेवढ्यापुरत्या गप्प बसायच्या, पण रात्रभर डोळा लागायचा नाही. डॉक्टर म्हणाले, या वयात असं चालायचंच.

‘शोध’ वाचत होते त्याच दिवसांत एका संध्याकाळी त्यांनी तेच विचारलं. आणि माझ्या मनात आलं, हे वाक्य कोणत्या काळातलं? मी त्यांना आजच्या घरात ओढून आणलं नाही. जवळ बसले आणि विचारलं, ‘कुठल्या उखळाखालचं, आत्याबाई?’

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग हलकेच म्हणाल्या, ‘मोठ्यानं बोलू नको. माय म्हणली, कुणाला सांगायचं नाही.’

मग तुकड्या-तुकड्यांनी, पाच-सहा संध्याकाळी मिळून, जे निघालं ते असं. १९४८ साल. रझाकारांच्या भीतीनं खेडी रिकामी होत होती. त्यांचं माहेरही आमच्याच तालुक्यातलं एक लहान खेडं. बैलगाडी जुंपून घरची मंडळी निजामाच्या हद्दीबाहेर, बार्शीला निघाली. निघायच्या रात्री त्यांच्या आईनं माजघरातलं उखळ हलवलं, खाली खड्डा केला, आणि एका तांब्यात काहीतरी घालून पुरलं. दिवा धरून उभी होती ती नऊ वर्षांची ही मुलगी. ‘कुणाला सांगायचं नाही,’ एवढंच तिला बजावलं होतं. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, १७ तारखेला निजामाचं राज्य संपलं, माणसं आपापल्या गावी परतली. तांब्या निघाला का? त्यात काय होतं? हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनंही कुणाला विचारलं नाही. लग्न झालं, चार मुलं झाली, सून आली, नातवंडं आली. सांगायचं नाही म्हटलं होतं, म्हणून नाही सांगितलं. तब्बल पाऊणशे वर्षं!

मी त्यांच्या माहेरी फोन केला. भाचा म्हणाला, जुनं घर पाडून आता सिमेंटचं बांधलंय. उखळ अंगणात आहे, त्यात चिमण्यांना पाणी ठेवतो. तांब्याचं मात्र तिथं कुणी ऐकलेलं नाही. विचारायला त्या पिढीतलं कुणी उरलेलंही नाही. कादंबरीत शेवटच्या पानावर उलगडा होतो. आमच्याकडे झाला नाही, आणि आता होईल असं वाटत नाही.

त्यानंतर एके दिवशी दिवेलागणीला प्रश्न आला तेव्हा मी सरळ सांगितलं, ‘काढलं, आत्याबाई. बँकेत ठेवलंय.’ त्यांनी माझा हात घट्ट धरला. ‘मायला सांग,’ म्हणाल्या. त्या रात्री झोप लागली त्यांना. आता प्रश्न रोज येतो आणि उत्तरही रोज तेच दिलं जातं. हेसुद्धा देतात.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस भलत्या वेळी भलतंच बोलत असेल, तर एकदा एवढं करून पाहा. सन-साल विचारू नका, ते त्यांना सांगता येत नाही. वस्तू विचारा, जागा विचारा. चूल कुठं होती, दार कोणत्या दिशेला होतं, दिवा कुणी धरला होता. मधे दुरुस्ती करू नका. किराण्याच्या वहीची मागची चार पानं त्यासाठी ठेवा आणि ऐकलेलं त्याच रात्री लिहून काढा, कारण सकाळी आपल्यालाही आठवत नाही. लिहिताना त्यांचेच शब्द ठेवा, शुद्ध करू नका. आणि कादंबरी वाचायला घ्याल तेव्हा महाराष्ट्राचा नकाशा जवळ असू द्या. नाशिककडची डोंगररांग बोटानं शोधत वाचलं की दुप्पट गोडी येते.