राखेखालचा विस्तव

आयर्लंडच्या पश्चिमेला क्लेअर परगण्यात बनराटी नावाचा जुना किल्ला आहे. गर्दी किल्ल्यावर असते, आम्ही मात्र रमलो त्याच्या आवारात उभारलेल्या जुन्या खेड्यात. तिथलं एक शेतकऱ्याचं घर शॅनन विमानतळाच्या धावपट्टीच्या आड येत होतं. ते नष्ट होऊ न देता इथे आणून पुन्हा बांधलं आहे.

जाड दगडी भिंती, वरून चुन्याची सफेदी, गवतानं शाकारलेलं छप्पर. दार मधोमध आडवं कापलेलं. खालचा अर्धा भाग लावला की कोंबड्या बाहेर आणि रांगती मुलं आत. वरच्या भागातून उजेड येतो. खिडक्या इवल्याशाच.

घराचा जीव म्हणजे चूल. लाकडाची टंचाई, म्हणून दलदलीतली काळी माती विटांसारखी कापून, वाळवून जाळायची. रात्री घरची बाई दुआ म्हणत निखारे राखेखाली झाकायची आणि सकाळी त्यांच्यावरच नवा विस्तव पेटवायची. चूल विझणं हा अपशकुन मानत.

मुलाचं लग्न झालं की म्हातारे आईवडील बऱ्याच घरांत ‘पश्चिमेच्या खोलीत’ जात. ही खोली अनेकदा चुलीच्या भिंतीमागेच असे, त्यामुळे ऊबदार. शेत मुलाच्या नावावर करताना या खोलीचा, चुलीपाशी बसण्याचा हक्क कधी कधी कागदावर लिहून घेत. आपल्याकडे असं लिहून घ्यावं लागत नाही, असं म्हणायला आमची जीभ धजली नाही.

थोडं पुढे भूमिहीन मजुराची झोपडी आहे. एकच खोली. १८४१ च्या खानेसुमारीत मातीच्या अशा एकखोली घरांना ‘चौथा वर्ग’ म्हटलं होतं, आणि ती सुमारे ४ लाख ९१ हजार होती. १८४५ पासून बटाट्याचं पीक कुजू लागलं. दुष्काळात सुमारे १० लाख माणसं मेली, जवळपास तितकीच देश सोडून गेली. १८५१ मध्ये अशी घरं उरली सुमारे १ लाख ३६ हजार. गरिबांना चांगली घरं मिळाली म्हणून हा आकडा घटला नव्हता. त्यांत राहणारेच उरले नव्हते. खंड थकला की जमीनदाराची माणसं कुटुंबाला बाहेर काढत आणि ते परतू नये म्हणून छप्परच पाडून टाकत.

याच काळात, १८४७ मध्ये, तुर्कस्तानचे उस्मानी सुलतान अब्दुल मजीद यांनी या उपाशी लोकांसाठी १००० पौंड पाठवले होते. आयरिश लोक ही मदत अजून विसरलेले नाहीत.